पोटातला अल्सर: इंदूरच्या ओळखीपाळखीतून सतत येणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे. राजेंद्रनगरच्या बाजूला मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून बावीस वर्षं झाली. पोटाबद्दलचे प्रश्न काउंटरवर येतात, फोनवर येतात, हळदीकुंकवाला वाण हातात देता देता पण येतात, आणि बहुतेक तेच ते असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. कुठलं औषध आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण त्यांच्यासमोर बसण्याआधी एवढं माहीत असलं तर बोलणं सोपं जातं.

१. अल्सर म्हणजे नक्की काय? ॲसिडिटी फार वाढली की तिलाच अल्सर म्हणतात ना?

नाही. ॲसिडिटी म्हणजे जळजळ, आंबट ढेकर, म्हणजे त्रास. अल्सर ही खरोखरची जखम असते. जठरात तयार होणारं ॲसिड इतकं कडक असतं की ते जठरालाच पचवून टाकेल, म्हणून आतल्या बाजूला एक बुळबुळीत थर असतो आणि त्यात सोड्यासारखं बायकार्बोनेट सतत झिरपत असतं. हा थर एखाद्या जागी कमजोर पडला की ॲसिड खाली पोचतं आणि तिथे खड्डा पडतो. वरवर खरचटलेलं असेल तर रिपोर्टमध्ये 'इरोजन' लिहितात, आणि साधारण ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, खोल जखम असेल तर अल्सर. आपल्याकडे सगळ्यालाच 'गॅस बनतेय' म्हणायची सवय आहे आणि तिथेच घोटाळा होतो, कारण गॅसची गोळी घेऊन जळजळ दबते पण जखम कशाने झाली ते तसंच राहतं.

२. जठराचा अल्सर आणि ड्युओडेनमचा अल्सर यात फरक काय?

जागेचा. ड्युओडेनम म्हणजे जठराच्या लगेच पुढे लहान आतड्याचा पहिला भाग. तिथला अल्सर रिकाम्या पोटी दुखतो, रात्री एक-दोन वाजता झोपेतून उठवतो, आणि दोन बिस्किटं खाल्ली की थोडं थांबतं. जठराचा अल्सर बरेचदा जेवल्यावर दुखतो, त्यामुळे माणूस जेवायलाच घाबरतो आणि बारीक होतो. पण यावरून घरबसल्या निदान करू नका, कित्येकांना दोन्ही प्रकारचं दुखतं आणि वयस्कर माणसांना काहीच दुखत नाही (प्र. १२ बघा). फरक महत्त्वाचा आहे तो दुसऱ्या कारणाने, ते प्र. १६ मध्ये लिहिलंय.

३. तिखट खाल्ल्यानेच होतो ना? मग इंदूरला राहून सेव आणि जीरावण (पोह्यावर भुरभुरायचा मसाला) सोडायचं का?

तिखटाने अल्सर होत नाही. आधीपासून जखम असेल तर तिखट लागून जळजळ जास्त होईल, एवढंच. हे मी ठासून सांगते कारण लोक पोह्यावरची सेव सोडतात, मिरची सोडतात, फिक्कं वरण खातात आणि खरं कारण तसंच पोटात राहतं.

खरी कारणं मुख्यतः दोन, एक जंतू आणि एक पेनकिलर. जंतूचं नाव एच. पायलोरी. ॲसिडमध्ये कुठलाच जंतू टिकू शकत नाही असंच डॉक्टर लोक वर्षानुवर्षं मानत होते. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांनी रुग्णांच्या जठराचे तुकडे घेऊन हा जंतू वाढवायचा प्रयत्न चालवला होता, दर वेळी दोन दिवसात प्लेट फेकून द्यायचे आणि काही मिळायचं नाही, मग ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यात जंतू उगवलेला दिसला. तो हळू वाढतो, घाई केल्याने आधी सापडत नव्हता. तरी लोक मानेनात, म्हणून १९८४ मध्ये मार्शलने जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं, काही दिवसात उलट्या सुरू झाल्या आणि एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून बघितल्यावर, जठराला सूज दिसली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मला ही गोष्ट फार प्रिय आहे, कारण त्याच्यामुळे 'जन्मभर पथ्य पाळा' असा हा आजार 'चौदा दिवस औषध घ्या' असा झाला.

४. हा जंतू येतो कुठून? नवऱ्याला निघाला तर मला आणि मुलांना पण टेस्ट करायची का?

बहुतेकांना तो लहानपणीच लागतो, घरातल्या घरात, तोंडावाटे किंवा दूषित पाण्यातून, आणि औषध न घेता तो सहसा जात नाही. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात तो असतो, आपल्या देशात प्रमाण त्याहूनही जास्त. पण ज्यांच्या पोटात आहे त्यांच्यातल्या साधारण दहात एखाद्यालाच पुढे अल्सर होतो. म्हणून आपल्याकडे घरातल्या प्रत्येकाची टेस्ट करत सुटत नाहीत. ज्याला त्रास आहे, आधी अल्सर झालेला आहे, घरात कुणाला जठराचा कॅन्सर झालेला आहे किंवा रोज ॲस्पिरिन चालू होणार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून करावी. नवऱ्याचं ताट वेगळं काढायची गरज नाही. हात धुणं आणि स्वच्छ पाणी, बास.

५. गुडघ्याच्या गोळीने अल्सर होतो म्हणतात. जेवणानंतर घेतली तरी होतो का?

हो, तरी होतो. जेवणानंतर घेतल्याने मळमळ कमी होते, अल्सर टळत नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही औषधं दुखणं कमी करतात ते प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ कमी करून, आणि जठराचा तो बुळबुळीत थर टिकवायचं काम नेमकं हाच पदार्थ करत असतो. म्हणजे गोळी पोटात विरघळून तिथे टोचते असं नाही, ती रक्तातून काम करते. म्हणून इंजेक्शन घेतलं तरी धोका असतोच. मलम चोळल्याने रक्तात फार थोडं जातं, त्यामुळे गुडघ्यासाठी मी बरेचदा आधी मलमाचं डॉक्टरांना विचारा म्हणते. साधी पॅरासिटामॉल या गटात येत नाही, ठरलेल्या डोसात ती पोटाला सांभाळून घेते, पण कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन पण असते हे लोकांना माहीत नसतं.

जास्त धोका कुणाला, तर वय साठ-पासष्टच्या वर, आधी अल्सर झालेला, बरोबर स्टिरॉइड किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू, दोन पेनकिलर एकदम चालू. आमच्या काउंटरवर रोज दिसणारं दृश्य सांगते. एक काका येतात, जुन्या पट्टीचा कापलेला तुकडा काचेवर ठेवतात, त्यावर नावाची अर्धी अक्षरं उरलेली, आणि म्हणतात 'ही दहा दे गुडघ्याची आणि ही दहा गॅसची'. आधी गुडघ्याची सुरू झाली, मग तिच्यामुळे गॅसची, आणि दोन्ही तीन वर्षं चालू, चिठ्ठी कुणाचीच नाही. तुमच्या घरी असे काका असतील तर त्यांना एकदा डॉक्टरांकडे घेऊन जा, दोन्ही पट्ट्या घेऊन.

६. टेन्शनने होतो का?

ऑफिसच्या, परीक्षेच्या, घरातल्या टेन्शनने एकट्याने अल्सर होतो असं नाही. टेन्शनमध्ये माणूस सिगरेट वाढवतो, डोकं दुखतं म्हणून डिस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच) खातो, जेवण चुकवतो, आणि आधीचा त्रास जास्त जाणवतो. खराखुरा 'स्ट्रेस अल्सर' असतो तो आयसीयूमधल्या रुग्णांना, खूप भाजलेल्यांना, डोक्याला मार लागलेल्यांना.

७. एंडोस्कोपी करावीच लागते का? फार भीती वाटते.

प्रत्येकाला नाही. वय कमी, इतर काही लक्षण नाही, तर डॉक्टर आधी जंतूची साधी टेस्ट करून औषध देऊ शकतात (प्र. ८). पण वजन आपोआप कमी होतंय, गिळायला अडकतंय, हिमोग्लोबिन कमी निघालंय, उलट्या थांबत नाहीत, शी काळी होतेय, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झालाय, तर टाळू नका.

भीतीबद्दल. सहा ते आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करायचा स्प्रे मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लॅस्टिकची रिंग देतात म्हणजे नळी चावली जात नाही. नळी करंगळीपेक्षा बारीक असते. गिळा म्हटलं की गिळायचं, ओकारी आल्यासारखं होतं, डोळ्यातून पाणी येतं, आणि नाकाने हळू श्वास घेत राहिलं तर पाच-दहा मिनिटात संपतं. श्वासाची नळी वेगळी असते त्यामुळे जीव गुदमरत नाही. घसा बधिर आहे तोवर पाणीसुद्धा प्यायचं नाही. झोपेचं इंजेक्शन घेतलंत तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुणाला तरी बरोबर न्या.

८. जंतूसाठी ब्रेथ टेस्ट, शीची टेस्ट, रक्ताची टेस्ट, कुठली करू?

ब्रेथ टेस्ट किंवा स्टूल अँटिजेन, म्हणजे शीची टेस्ट. ब्रेथ टेस्टमध्ये युरिया प्यायला देतात, जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खूण केलेला कार्बन श्वासातून बाहेर येतो. रक्ताची अँटिबॉडी टेस्ट जंतू गेल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून आत्ता जंतू आहे की नाही ते तिच्यावरून कळत नाही. एंडोस्कोपी होणारच असेल तर तिथेच तुकडा घेऊन तपासतात.

एक गोष्ट लॅबवाले नेहमी सांगतात असं नाही: टेस्टच्या आधी पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोलसारखी गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद पाहिजे, नाहीतर जंतू असूनही टेस्ट निगेटिव्ह येते. गोळी बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच, रक्तस्राव होऊन गेला असेल तर तर नक्कीच.

९. चौदा दिवसांचा कोर्स दिलाय, रोज मूठभर गोळ्या. पाचव्या दिवशी बरं वाटलं, बंद केल्या तर चालेल?

नाही चालणार, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. पाच दिवसात बरं वाटतं ते ॲसिड कमी करणाऱ्या गोळीमुळे, जंतू तेव्हा अर्धवट मेलेला असतो. उरलेले जंतू त्या अँटिबायोटिकला दाद देईनासे होतात आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोल या दोन्हींना न जुमानणारे जंतू आधीच खूप आहेत, कारण ही औषधं घशासाठी आणि जुलाबासाठी चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं खाल्ली गेलीत.

कोर्स साधारण दोन प्रकारचे असतात. एकात ॲसिडची गोळी, ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन. दुसऱ्यात ॲसिडची गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल, याच्या गोळ्या जास्त पण जिथे क्लॅरिथ्रोमायसिन चालेनासं झालंय तिथे हाच बरा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा कारण ॲमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातलं आहे. कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) चालू असेल तर तेही सांगा, क्लॅरिथ्रोमायसिनचं काही स्टॅटिनशी जमत नाही. तोंड कडू-धातूसारखं लागेल, बिस्मथने जीभ आणि शी काळी होईल, घाबरू नका. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घ्यायची नाही. मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि संपल्यावर निदान दोन-तीन दिवस दारू अजिबात नाही.

मी काय करते तर गिऱ्हाइकाला जुन्या कॅलेंडरच्या पानामागे चौदा ओळी आखून देते, सकाळ-दुपार-रात्र, गोळी घेतली की फुली. परवा एक वहिनी तो कागद दाखवायला घेऊन आल्या, बेचाळीसच्या बेचाळीस फुल्या, कोपऱ्याला हळदीचा डाग, फ्रिजवर लावला होता म्हणे. मला फार बरं वाटलं.

१०. पँटोप्रॅझोलची गोळी कधी घ्यायची? मी तर जळजळ झाली की घेते.

जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, बहुतेकांना सकाळच्या नाश्त्याआधी. जठरात ॲसिड सोडणारे छोटे पंप असतात, ते जेवण आलं की चालू होतात, आणि ही गोळी चालू झालेल्या पंपालाच बंद करते. म्हणून गोळी घेऊन पोहे अर्ध्या तासाने खाल्ले तर ती पूर्ण काम करते. जळजळ झाल्यावर घेतली तर फार उपयोग नाही, त्या वेळी डायजीन-जेल्युसिलसारखं पातळ औषध लगेच आराम देतं. इनोमध्ये सोडियम भरपूर असतं, बीपी किंवा किडनीवाल्यांनी रोज नको.

आणि पॅन-डी म्हणजे नुसतं पँटोप्रॅझोल नाही, त्यात डॉम्पेरिडोन पण असतं. ते उलटी-मळमळीसाठी आहे, जखम भरायला त्याची गरज नाही, आणि हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांनी ते महिनोन्महिने खाणं बरं नाही. सवयीने मागू नका.

११. ही गोळी किती दिवस? मी सहा वर्षं घेतेय, बंद केली की दुप्पट जळजळ होते.

ड्युओडेनमच्या अल्सरला साधारण चार आठवडे, जठराच्या अल्सरला आठ. मोठा अल्सर असेल तर जास्त. सहा वर्षं फक्त काही जणांना लागते, उदाहरणार्थ ज्यांना ॲस्पिरिन सोडता येत नाही (प्र. १४). खूप वर्षं घेतल्याने बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं थोडी कमजोर होऊ शकतात. आपण शाकाहारी मंडळी, बी-१२ आधीच कमी असतं, म्हणून तपासून घ्या.

बंद केल्यावर दुप्पट जळजळ होते ते तुमचं म्हणणं खरं आहे. शरीराने इतके दिवस पंप दाबले गेले म्हणून ॲसिडचा हुकूम वाढवून ठेवलेला असतो, गोळी अचानक सुटली की काही आठवडे ॲसिड उसळतं. याचा अर्थ आजार परत आला असा नाही. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा, आधी डोस अर्धा, मग एक दिवसाआड, मध्ये लागलं तर पातळ अँटासिड.

१२. शी काळी होतेय. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळेच असेल ना?

असू शकेल, पण नुसतं मानून बसू नका. लोहाच्या गोळीने शी हिरवट-काळी पण घट्ट, नेहमीसारखी असते. रक्ताने होते ती डांबरासारखी, चमकदार, चिकट, भांड्याला धरून बसणारी, दोनदा पाणी टाकलं तरी न जाणारी, आणि तिला एक वेगळाच उग्र कुबट वास असतो जो एकदा आला की माणूस विसरत नाही. चहाच्या अर्ध्या-पाऊण कपाइतकं रक्त जठरात गेलं तरी शी अशी होते.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मिलमधून रिटायर झालेले. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, बघायला रात्रभर उभं राहायचं हा त्यांचा नेम. त्या वर्षी गुडघे साथ देत नव्हते म्हणून शेजारच्यांकडून डायक्लोफेनॅकची पट्टी घेऊन दिवसाला दोन-तीन खात होते, मला न सांगता, कारण मी रागावले असते. पोट त्यांचं एकदाही दुखलं नाही. पितृपक्षात एकदा पहाटे बाथरूममधून हाक आली, गेले तर भिंतीला टेकून उभे, चेहरा कागदासारखा पांढरा, कपाळावर थंड घाम, आणि तो वास. रिक्षात ते म्हणत होते की काही नाही ग, जांभळाचा सरबत प्यालो होतो. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. दोन बाटल्या रक्त, एंडोस्कोपीतून जखमेच्या रक्तवाहिनीला क्लिप, पाच दिवस ॲडमिट. वाचले. मी रोज दुसऱ्यांना गोळ्यांचं सांगते आणि घरातल्या कपाटात काय आहे ते बघितलं नव्हतं, तेव्हापासून दर महिन्याला बघते, तुम्हीही बघा.

काळी चिकट शी, कॉफीच्या गाळासारखी किंवा लाल उलटी, उभं राहिलं की चक्कर, छातीत धडधड: यात वाट बघायची नाही, रात्री दोनला असलं तरी जिथे रक्त आणि एंडोस्कोपी दोन्हीची सोय आहे त्या हॉस्पिटलमध्ये जा, आपल्याकडे इंदूरला सरकारी एम.वाय. हॉस्पिटल चोवीस तास उघडं आहे. निघताना तोंडाने काही देऊ नका.

१३. पोटात अचानक सुरी खुपसल्यासारखं दुखलं आणि पोट लाकडासारखं कडक झालं. गॅसच असेल?

नाही. अल्सर फुटून आरपार भोक पडलं की असं होतं, ॲसिड पोटाच्या पोकळीत पसरतं आणि माणूस हललं तरी दुखतं म्हणून निपचित पडून राहतो. उभ्याने छातीचा एक्स-रे काढला की छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली हवा दिसते. ऑपरेशनच लागतं, बहुतेक वेळा पोटातल्याच चरबीच्या पदराचं ठिगळ भोकावर शिवतात, आणि जितके तास जातात तितका धोका वाढतो. शेक नको, पेनकिलर नको, हिंगाचं पाणी नको.

याच जागी लिहून ठेवते: वरच्या पोटात दुखतंय, बरोबर घाम, धाप, जबडा किंवा डाव्या हातात दुखणं, तर तो हार्ट अटॅक असू शकतो. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक पोटदुखीसारखाच येतो, मधुमेहींना तर बरेचदा. आधी ईसीजी, मग गॅसची चर्चा.

१४. हार्टसाठी इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच) चालू आहे आणि आता अल्सर निघाला. बंद करू?

स्वतःच्या मनाने कधीच नाही. स्टेंट असेल तर ॲस्पिरिन अचानक सोडल्याने स्टेंट बंद पडू शकतो, आणि ते अल्सरपेक्षा लवकर जीव घेतं. हार्टवाले आणि पोटवाले दोघांनी मिळून ठरवायचं असतं. रक्तस्राव झाला तरी तो थांबल्यावर काही दिवसातच ॲस्पिरिन परत सुरू करतात, बरोबर ॲसिडची गोळी देऊन. जंतूची टेस्ट जरूर करून घ्या. आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ओमेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल शक्यतो नको, त्यांनी तिचा असर कमी होतो, पँटोप्रॅझोल बरं पडतं.

१५. काय खायचं? दूध चांगलं ना? आणि चतुर्थीचा उपास?

थंड दुधाने अर्धा तास बरं वाटतं, मग त्यातल्या प्रोटीन आणि कॅल्शियममुळे ॲसिड उलट जास्त सुटतं. कपभर प्यायला हरकत नाही, पण दर दोन तासांनी दूध हे जुन्या काळचं पथ्य झालं. जे तुम्हाला सोसतं ते खा, वेळेवर खा. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बाराला गराडू आणि खोपरा पॅटिस खाऊन लगेच आडवं झालात तर जळजळ होईल, त्याचं कारण तळण आणि वेळ. दाल-बाफले महिन्यातून एकदा, दुपारी, पोट थोडं रिकामं ठेवून. सोडायचं असेल तर विडी-सिगरेट आणि तंबाखू सोडा, सिगरेटने जखम भरायला उशीर लागतो आणि अल्सर परत येतो हे पक्कं आहे. दारू पण.

उपासाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जखम भरून झाल्यावर करा, पण कोर्सच्या चौदा दिवसात नको. रिकाम्या पोटी अँटिबायोटिकने मळमळतं, गोळ्या सुटतात, आणि मग मिरची-दाण्याची साबुदाण्याची खिचडी एकदम दोन वाट्या. खजराण्याच्या गणपतीला दर्शनाला खुशाल जा, चतुर्थी पुढच्या महिन्यातही येतेच.

१६. अल्सरचा कॅन्सर होतो का?

ड्युओडेनमच्या अल्सरचा जवळजवळ कधीच नाही. जठराचा अल्सर मात्र दिसायला साधा असून मुळातच कॅन्सरची जखम असू शकते, म्हणून कडेचे तुकडे घेऊन तपासतात आणि बरेचदा आठ-बारा आठवड्यांनी परत एंडोस्कोपी करून भरलाय का बघतात. दुखणं थांबलं म्हणून ही दुसरी वेळ चुकवू नका. एच. पायलोरी जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ मध्येच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, पण जंतू आहे म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही, फार थोड्यांना होतो.

१७. आयुर्वेदात उपाय आहे का? जेष्ठमध घेतलं तर?

आपल्या जुन्या वैद्यांनी हे दुखणं नीट बघितलेलं आहे, 'परिणामशूल' म्हणजे अन्न पचताना उठणारी कळ, तिचं वर्णन माधवनिदान या जुन्या ग्रंथात आहे. जेष्ठमधाने पोटाला आराम पडतो, पण फार दिवस घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, बीपीवाल्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय नको. जंतू काढायला मात्र अँटिबायोटिकचाच कोर्स लागतो. आणि लेबल नसलेली पुडी, विशेषतः सांधेदुखीची, घेऊ नका, त्यात कधी कधी स्टिरॉइड किंवा पेनकिलर कुटून घातलेली असते.

१८. दिवस गेलेत आणि पोटात जळतंय, काय चालेल?

गरोदरपणात खरा अल्सर कमीच होतो, जळजळ बहुतेक हार्मोन्समुळे आणि वाढलेल्या गर्भाशयाच्या दाबाने. अँटासिड, सुक्राल्फेट सहसा चालतं, डॉक्टर ओमेप्रॅझोलही देतात. मिसोप्रोस्टॉल हे अल्सरचंच औषध आहे पण त्याने गर्भपात होतो, घरात जुनी पट्टी असेल तर हातही लावू नका.

१९. मला 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' सांगितलंय. तेच ना हे?

नाही, नावात अल्सर आहे एवढंच. तो मोठ्या आतड्याचा आजार, शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उठते, शीतून लाल रक्त आणि आव पडते. औषधं वेगळी, मेसालामिनसारखी, आणि बरीच वर्षं घ्यावी लागतात. पँटोप्रॅझोलने तो बरा होणार नाही. तोंड येणं पण वेगळं.

२०. खर्च किती येतो? कार्ड चालतं का?

गोळ्या जनऔषधी केंद्रात खूप स्वस्त मिळतात, औषध तेच असतं, डॉक्टरांना मूळ औषधाचं नाव लिहून द्यायला सांगा. आयुष्मान कार्डात ॲडमिट झाल्यावरचा खर्च बसतो, ओपीडीच्या गोळ्या बसत नाहीत. सत्तरच्या वरच्यांना आता उत्पन्न न बघता कार्ड मिळतं, आईबाबांचं केलं नसेल तर करून टाका.

२१. पूर्वी माझ्या आजोबांचं अल्सरचं ऑपरेशन झालं होतं, अर्धं पोट काढलेलं. आता नाही करत?

फार क्वचित, रक्त थांबतच नसेल, भोक पडलं असेल किंवा वाट आकसून अन्न पुढे जात नसेल तर, ज्यात काल खाल्लेलं आज तसंच उलटीतून पडतं. आजोबांच्या काळात ॲसिड कमी करणारं चांगलं औषधच नव्हतं. सिमेटिडिन १९७६ नंतर आलं, ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, त्याच सुमारास ओमेप्रॅझोल आलं, आणि मग जंतूवरचा कोर्स. आजोबांसारखं पोट काढलेलं कुणी घरात असेल तर त्यांचं बी-१२ आणि लोह दर वर्षी तपासा.

२२. जंतू निगेटिव्ह, पेनकिलर खात नाही, तरी अल्सर. मग?

आधी दोन्ही परत तपासा. टेस्टच्या वेळी ॲसिडची गोळी चालू होती का (प्र. ८)? पेनकिलर नाही म्हणता, पण सर्दीची गोळी, पाळीच्या दिवसांतली गोळी, डोकेदुखीची, पुडी (प्र. १७)? मी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणायला सांगते, आणि पिशवी काउंटरवर ओतली की बरेचदा त्यातच उत्तर सापडतं. तरी नाही मिळालं तर डॉक्टर क्रोन्स (आतड्याला सूज येणारा आजार), टीबी यांचा विचार करतात. फार क्वचित स्वादुपिंडात किंवा ड्युओडेनममध्ये एक गाठ असते जी गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन सोडून ॲसिडचा पूर आणते, त्याला झोलिंजर-एलिसन म्हणतात: एकापेक्षा जास्त अल्सर, औषधाने न भरणारे, बरोबर जुलाब. रक्तातलं गॅस्ट्रिन तपासून कळतं.

२३. कोर्स दोनदा पूर्ण केला, तरी टेस्ट पॉझिटिव्हच. आता कायमचं असंच का?

नाही. पहिलं म्हणजे टेस्ट कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी केली होती का, आणि रक्ताची तर नव्हती (प्र. ८)? टेस्ट बरोबर असेल तर तिसऱ्यांदा तीच अँटिबायोटिक्स घ्यायची नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन एकदा फेल गेलं की ते सोडून द्यायचं, बिस्मथवाला कोर्स झाला नसेल तर तो करतात, नाहीतर एंडोस्कोपीतून तुकडा घेऊन कुठलं औषध लागू पडेल ते आधी तपासतात. हे पोटाच्या स्पेशालिस्टचं काम आहे. जाताना आधीच्या दोन्ही कोर्सच्या चिठ्ठ्या न्या, चिठ्ठी हरवली असेल तर जिथून गोळ्या घेतल्या त्या मेडिकलवाल्याकडे बिल असतं, तारीख सांगा, तो काढून देईल.